कमरेएवढे पाणी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचे चिरंजीव पुण्याहून सहकुटुंब घरी आले. दुसऱ्याच दिवशी नऊ वर्षांच्या नातवाने जाहीर केले, "आबा, उद्या आपण पितळखोऱ्याला जायचं. ओढ्यातून चालायचं आणि डोहात पोहायचं!" सहा वर्षांच्या नातीने टाळ्या पिटल्या. सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्रातून डोके वर काढले नाही.

त्यामागचे कारण घरात कधी बोलले गेले नव्हते. 1967 च्या मे महिन्यात, पैठण तालुक्यातील आमच्या गावी, माझा थोरला भाऊ विहिरीत बुडाला. तो तेरा वर्षांचा, मी आठ. तेव्हा खेड्यातली मुले कमरेला वाळलेला भोपळा बांधून पोहायला शिकत. दादा बऱ्यापैकी शिकला होता. त्या दुपारी भोपळा काठावर ठेवून, कोणालाही न सांगता, तो एकटाच उतरला. नंतर वडिलांनी विहिरीभोवती काटेरी कुंपण घातले आणि त्या विषयाभोवतीही. पुढे मी बाप झालो, तेव्हा ते कुंपण मी जसेच्या तसे चालू ठेवले. चिरंजीव शाळेत असताना त्यांनी पोहण्याच्या शिबिराचा अर्ज आणला होता. मी तो फाडून टाकला. कारण सांगितले नाही.

तरीही मी निघालो. मुले पाण्यात असणार आणि मी घरी बसून घड्याळ पाहणार, हे मला अधिक कठीण वाटले.

धुळे मार्गाने कन्नड गाठून आम्ही सातमाळ्याच्या डोंगररांगेत शिरलो. पितळखोऱ्याची बौद्ध लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरली जाऊ लागली. पायऱ्या उतरून दरीत गेले की ओढ्याच्या काठावर ती दिसतात. हत्तींच्या शिल्पांची रांग पाहून नात हरखली. नातवाला मात्र पाच फण्यांचा दगडी नाग आवडला. वरच्या अंगाला साचणारे पाणी त्याच्या फण्यांमधून बाहेर पडावे, अशी योजना कोरणाऱ्यांनी केली आहे. चैत्यगृहाच्या एका स्तंभावर प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, मित्रदेव नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या दानाची नोंद आहे. उभा जन्म नोंदवह्यांत गेलेल्या मला दोन हजार वर्षे टिकलेली ही नोंद पाहून समाधान वाटले. पण माझे कान खालच्या पाण्याच्या आवाजाकडेच होते.

तिथल्या रखवालदाराला विचारून आम्ही ओढ्याच्या कडेने खाली चालू लागलो. पावसाळा सरला होता. पाणी नितळ आणि संथ होते. लाव्ह्याच्या थरांतून घडलेला काळा बेसॉल्ट पायाखाली होता. पुराच्या पाण्याबरोबर गोटे गरगर फिरून खडकात गोल खळगे पडले होते. असे रांजणखळगे पारनेर तालुक्यातील निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रात प्रसिद्ध आहेत; इथले त्यांच्यापुढे वाटीएवढे. नात प्रत्येक खळग्यात डोकावून मासे मोजत होती. आठशे पावलांच्या वाटेला आम्हाला पाऊण तास लागला.

डोह दिसला आणि मुले धावली. "थांबा!" चिरंजीवांचा आवाज आला. मुले जागच्या जागी थांबली. त्यानंतर जे घडले ते मी काठावरून पाहत राहिलो. त्यांनी आधी आभाळ पाहिले, वरच्या डोंगरावर ढग नाहीत याची खात्री केली. लांब काठी घेऊन ते स्वतः पाण्यात उतरले, तळ चाचपला, शेवाळलेले दगड कोणते ते पाहिले आणि कमरेएवढे पाणी जिथे संपते तिथे काठी रोवली. नातीला लाइफ जॅकेट चढवले. मग मुलांकडून नियम वदवून घेतले: उडी मारायची नाही, काठीपलीकडे जायचे नाही, पाणी गढूळ झाले किंवा पाला-काटक्या वाहून येऊ लागल्या तर लगेच काठावर यायचे, कारण वर कुठेतरी पाऊस झालेला असतो. सूनबाई काठाशी, मुले हाताच्या अंतरावर. मगच "या."

बँकेत चौतीस वर्षे मी कर्जप्रकरणे तपासली. जोखीम दिसली म्हणून अर्ज फेटाळणारा अधिकारी आम्ही हुशार मानत नसू. जोखीम मोजून योग्य अटी घालणारा अधिकारी खरा. घरातला एकमेव महत्त्वाचा अर्ज मात्र मी न वाचताच फाडला होता.

चिरंजीव सफाईने पोहत होते. मी विचारले, "हे कधी शिकलास?"

ते क्षणभर थांबले. "वसतिगृहात असताना, बाबा. एकोणिसाव्या वर्षी. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. सुरुवातीला एकदा गटांगळ्या खाल्ल्या होत्या, तेही सांगितलं नाही."

वीस वर्षांपूर्वीचे ते पाणी त्या क्षणी माझ्या नाकातोंडात गेले. माझ्या मनाईने मुलगा पाण्यापासून दूर राहिला नव्हता. तो माझ्यापासून दूर राहिला होता. दादाने भोपळा काठावर ठेवला तेव्हा त्यानेही कोणाला सांगितले नव्हते.

मी तिथेच खडकावर बसून दादाची हकिगत सांगितली. अठ्ठावन्न वर्षांत प्रथमच. नातवाने शांतपणे विचारले, "म्हणजे त्यांच्याजवळ कोणी मोठं माणूस नव्हतं?" मी मान हलवली. चिरंजीव काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त पाण्यातून हात पुढे केला.

धोतर नेसणाऱ्या वडिलांचा मी मुलगा. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडताना मला संकोच वाटला. पाणी गार होते. मी काठीपर्यंत गेलो. पोहता मला आजही येत नाही, आणि आता येईल असेही नाही. पण मुलाचा हात धरून मी तिथे बराच वेळ उभा होतो. लहान मासे घोट्यांना टोचत होते आणि नात खिदळत होती.

सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला घरी पोहोचायचे म्हणून दशम्या-चटणी आटोपून आम्ही लवकर निघालो. परतीच्या वाटेवर नातवाने विचारले, "आबा, दादाआजोबांचा फोटो आहे?"

आहे. ट्रंकेच्या तळाशी होता. आता तो दिवाणखान्यात आहे.