प्रतिवादी नंबर एकची साक्ष

इसारपावतीवर सही एकट्या थोरल्या भावाची, शेत मात्र वडिलोपार्जित आणि सातबाऱ्यावर नावं दोघांची. खरेदीदाराने खरेदीखत आणि ताबा मागत दावा लावला. थोरला प्रतिवादी नंबर एक, धाकटा नंबर दोन. धाकट्याचं वकीलपत्र माझ्याकडे होतं.

थोरल्याचं म्हणणं, पावती हातउसन्या पैशांपोटी दिली होती, शेत विकायचं नव्हतंच. पण त्याच्या कैफियतीत मध्येच एक ओळ होती: वडील असतानाच तोंडी वाटणी झाली, गावातलं घर धाकट्याला आणि शेत मला. ती वाचून मी हसलो. सातबारा होता ना माझ्याकडे! सातबारा हा मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे आणि हिंदू कुटुंबात तोंडी वाटणीही कायद्याने चालते, हे मी ज्युनियर पोरांना ऐटीत सांगत असे.

कैफियतीसोबत मी प्रतिदावा जोडला, अर्धं शेत वाटून मिळावं म्हणून. मागणी सगळी थोरल्याविरुद्ध. वादीच्या वकिलांनी ‘रोहित सिंग विरुद्ध बिहार राज्य’ हा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल पुढे ठेवला. प्रतिदावा वादीविरुद्धच हवा. त्याच्या जोडीने सहप्रतिवादीकडे काही मागता येतं, पण नुसता सहप्रतिवादीविरुद्ध तो टिकत नाही. ‘ही इसारपावती माझ्या हिश्श्यावर बंधनकारक नाही’ एवढी एक मागणी वादीविरुद्ध घातली असती, तरी मला युक्तिवादाला जागा होती. प्रतिदावा गेला.

इथवर फारसं बिघडलं नव्हतं. बिघडवलं ते मी त्यातून काढलेल्या अर्थाने. प्रतिदावा चालत नाही, म्हणजे भावाभावांचं भांडण या दाव्यात येणारच नाही, असं मी धरून चाललो. न्यायाधीशांनी ‘प्रतिवादी नंबर दोनचा शेतात हिस्सा आहे का’ हा मुद्दा काढला होता, तरीही.

थोरला साक्षीला उभा राहिला. शपथपत्रात तोंडी वाटणी होतीच. वादीच्या वकिलांनी तिला हातही लावला नाही. सगळं शेत थोरल्याचं ठरणं त्यांच्या सोयीचंच होतं. हितसंबंध विरुद्ध असले की सहप्रतिवादीचाही उलटतपास घेता येतो. आदल्या संध्याकाळी पक्षकार म्हणाला होता, “वकीलसाहेब, अण्णांना आडवंतिडवं विचारू नका. शेवटी घरातलेच.” मला ते पथ्यावरच पडलं, कारण तयारी नव्हती. मी उठून म्हणालो, “नो क्रॉस.”

वाटणी शाबीत धरली गेली आणि सबंध शेताचा हुकूमनामा वादीला मिळाला. थोरला दावा हरला आणि खरेदीची उरलेली रक्कम कोर्टातून उचलून घरी गेला.

जिल्हा न्यायालयात अपिलाला तीस दिवस होते. मी पक्षकाराला सांगितलं, अपिलाचा खर्च कशाला, वाटणीचा वेगळा दावा लावू. लावला. त्यात थोरल्याच्या वकिलांनी प्रिव्ही कौन्सिलचा १९३१ चा मुन्नी बीबीचा निकाल काढला. दोन प्रतिवादींचे हितसंबंध एकमेकांविरुद्ध असतील, वादीला दाद देण्यासाठी तो वाद सोडवणं भाग असेल आणि तो शेवटास गेला असेल, तर ते दोघेही त्या निकालाने बांधले जातात. ‘शेवटास गेला’ ही अट तर अपील न करण्याचा सल्ला देऊन मीच पुरी केली होती. दावा फेटाळला गेला.

पक्षकाराने फाइल दुसऱ्या वकिलांकडे नेली, ते योग्यच झालं. त्यांनी पहिल्या निकालावर उशिरा अपील घातलं आणि विलंबमाफीच्या अर्जात कारण लिहिलं: वकिलाचा चुकीचा सल्ला. मला फोन करून त्यांनी संकोचत विचारलं, शपथपत्र द्याल का? दिलं. इतक्या काळजीने मी दुसरं कुठलंच शपथपत्र लिहिलेलं नाही. वादीला खर्च देण्याच्या अटीवर विलंब माफ झाला. तो खर्च मी भरला. अपील अजून बोर्डावर आहे.