खिसा तेवढाच राहिला

आमच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात कित्येक वर्षे एक जपमाळ असे. वडिलांनी दिलेली, लाकडी मण्यांची, बोटांनी झिजून गुळगुळीत झालेली. तिच्या शेजारी पहिला भ्रमणध्वनी येऊन बसला, तेव्हा दोघांपैकी कोणाचीच अडचण झाली नाही. तो नोकियाचा ११००, वजनाने अवघा ८६ ग्रॅम.

पुढे मात्र फोन वाढू लागले. २००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनचा पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साडेतीन इंच होता. २०११ साली सॅमसंगने ५.३ इंचांचा गॅलेक्सी नोट आणला, तेव्हा पुष्कळांनी तो हसण्यावारी नेला. २०१४ साली ॲपलनेही ५.५ इंच गाठले आणि २०२४ मध्ये ६.९ इंच, वजन २२७ ग्रॅम! मधल्या काळात, २०२० आणि २०२१ साली, ५.४ इंचांचे ‘मिनी’ आयफोन निघाले. पण त्यांना पुरेसे गिऱ्हाईक लाभले नाही आणि ते बंद पडले. म्हणजे मोठा फोन आपणच मागून घेतला. माणसाचा अंगठा आणि सदऱ्याचा खिसा मात्र होता तेवढाच राहिला.

वसई रोडहून चर्चगेटला जाताना एक हात वरच्या कडीला अडकलेला असतो. दुसऱ्या हातातल्या फोनच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत अंगठा पोहोचत नाही. फोन खिशात ठेवला तर अर्धा बाहेर डोकावतो. एका रविवारी मिस्सामध्ये आम्ही गुडघे टेकून वाकलो आणि तो फरशीवर असा आपटला, की पुढच्या तीन बाकांनी माना वळवल्या. त्याला नीट जागा व्हावी म्हणून आम्ही जपमाळ ऑफिसच्या बॅगेत ठेवली. तात्पुरती, असे मनाशी म्हटले.

मोठ्या पडद्याला सर्वस्वी दोष देणेही आम्हांला जमत नाही. आमच्या आईची दृष्टी अधू झाली आहे. कॅनडातला पणतू त्या पडद्यावर दिसला, की ती काचेवरून हात फिरवते आणि म्हणते, “दात आले रे त्याला!” लहान फोनवर तिला ते दात दिसले नसते.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री आईला रुग्णालयात न्यावे लागले. धावपळीत फोन तेवढा खिशात होता. पहाटे तिने हात पुढे केला. “माळ दे रे.”

बॅग घरी राहिली होती. आम्ही लगबगीने फोनवर जपमाळेचे चित्र काढून तिच्या हाती दिले. ती काही वेळ त्यावरून बोट फिरवत राहिली.

“यात मणी लागत नाही बोटाला,” एवढेच म्हणून तिने तो परत केला.

मग तिने आमचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि एकेक बोट धरून नमो मरिया म्हणू लागली. दहा बोटे, दहा प्रार्थना. करंगळीपाशी पोहोचली, की पुन्हा पहिल्यापासून. इतक्या वर्षांत आमचे हात कोणी एवढा वेळ धरले नव्हते.

आई बरी होऊन घरी आली. आता जपमाळ खिशात असते आणि फोन बॅगेत. तो वाजला, की बॅग उघडेपर्यंत पुष्कळदा थांबतो. ज्याला काम असते, तो पुन्हा करतो.