डॅन्यूबच्या काठाने सायकलवर एक दिवस

परदेशची सहल म्हटली की उंच इमारती आणि झगमगते बाजार डोळ्यांपुढे येतात. आज मात्र तुम्हांला अशा एका खोऱ्यात न्यायचे आहे, जिथे शेती हीच पाहण्यासारखी गोष्ट आहे. ऑस्ट्रिया देशात, डॅन्यूब नदीच्या काठी हे खोरे आहे. नाव वाखाउ. मेल्क आणि क्रेम्स ही त्याची दोन टोके. अंतर सुमारे ३५ किलोमीटर, म्हणजे सायकलवर एका दिवसाचे काम.

सायकल मेल्कला भाड्याने मिळते. निघण्यापूर्वी तेथील टेकडीवरचा पिवळा मठ पाहून घ्यावा. बेनेडिक्ट पंथाचे साधू येथे १०८९ पासून राहतात. आजची भव्य वास्तू १७०२ ते १७३६ या काळात उभी राहिली. मग पूल ओलांडून उत्तर काठाला लागावे. वाट नदीच्या उताराने जाते, त्यामुळे दम लागत नाही. पूर्वी प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नावा घोडे काठावरून ओढून नेत. त्या घोडवाटांवरच बऱ्याच ठिकाणी आजची सायकलवाट आहे.

वाटेत विलेनडॉर्फ गाव लागते. १९०८ साली येथे चुनखडीच्या दगडाची एक स्त्रीमूर्ती सापडली. उंची अवघी ११ सेंटिमीटर, वय सुमारे ३०,००० वर्षे! मूळ मूर्ती आता व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे.

पुढे श्पित्झ. येथे थांबून डोंगराकडे पाहा. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी द्राक्षबागा चढत गेल्या आहेत आणि प्रत्येक पायरीला दगडी ताल आहे. चुना नाही, सिमेंट नाही. दगडाला दगड बसवून, फटींत चिपा ठोकून रचलेली. त्यामुळे पावसाचे पाणी पाझरून जाते आणि ताल फुगून फुटत नाही. दिवसा तापलेला दगड रात्री वेलींना ऊब देतो. अशा अरुंद पायऱ्यांवर मोठे यंत्र चालत नाही, बहुतेक कामे हातानेच होतात. ताल ढासळली की पुन्हा रचायची. हयगय केली तर माती खाली उतरते आणि झाडोरा माजतो. २००० साली हे खोरे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. २०२४ साली कोरडी ताल रचण्याच्या कलेच्या यादीतही ऑस्ट्रियाचे नाव जोडले गेले. फोटो काढणाऱ्याला डोंगर दिसतो. त्यामागचे कष्ट तुम्ही लगेच ओळखाल.

श्पित्झला सायकलीसह नावेत बसा. या नावेला इंजिन नाही. नदीवर आडवी तार बांधून नाव तिला जोडलेली असते. नाव तिरपी धरली की प्रवाहच तिला पैलतीरी ढकलतो.

दक्षिण काठाला जर्दाळूच्या बागा आहेत. बहर मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये येतो, फळ जुलैत पिकते. बहरात रात्री कडाक्याचा गारठा पडला तर पीक जाते, म्हणून शेतकरी बागेत आगट्या पेटवून राखण करतात. ‘वाखाउचा जर्दाळू’ या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. दुसरीकडचे फळ त्या नावाने विकता येत नाही. अख्खा जर्दाळू पिठाच्या गोळ्यात भरून उकडतात आणि लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवतात. आपल्या भगिनींना मोदकाची आठवण यावी!

जेवायला शेतकऱ्याच्याच घरी जावे. दारावर हिरवी डहाळी टांगलेली दिसली की घर पाहुण्यांना खुले आहे, असे समजावे. स्वतःच्या बागेतील द्राक्षमद्य आणि घरचे खाद्यपदार्थ दारात विकण्याची मुभा सम्राट दुसरा जोसेफ याने १७८४ साली दिली. मधे दलाल नाही.

वायसेनकिर्शेनला पुन्हा तशाच नावेने उत्तर काठाला या. पुढे ड्युर्नश्टाइनचा पडका किल्ला दिसतो. इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ च्या अखेरीस येथे कैदेत पडला होता. याच भागात वीजनिर्मितीसाठी नदी अडवण्याचा बेत १९७० नंतर पुढे आला. स्थानिक लोकांनी विरोध केला आणि तो बारगळला. नदी येथे आजही मोकळी वाहते. पूरही येतात. २००२, २०१३ आणि २०२४ साली मोठे पूर आले. जुन्या घरांच्या भिंतींवर पाण्याच्या खुणा वर्षांसह कोरलेल्या आढळतात.

सायंकाळी क्रेम्सला पोहोचाल. तेथून व्हिएन्नाला आगगाडी आहे. बहर पाहायचा असेल तर एप्रिलच्या सुरुवातीला जा, द्राक्षतोडणी पाहायची असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात. वाटेत कोणी ताल रचताना दिसला, तर सायकल उभी करून घटकाभर त्याचे हात पाहा.