दाराशी ठेवलेली पिशवी

लेकीच्या घरात पाऊल टाकले आणि पहिली ठेच लागली ती एका पिशवीला. जपानी घरात दाराच्या आत पादत्राणे काढायची एक खोलगट जागा असते. तिथे भिंतीला टेकून तीन पाठपिशव्या ओळीने उभ्या होत्या; दोन मोठ्या, एक छोटी. मला वाटले, मंडळी कुठेतरी सहलीला निघाली आहेत आणि आम्ही नेमके आजच येऊन टपकलो!

"कुठे निघालात गं?" मी विचारले.

"कुठेच नाही, आई. समुद्र आला तर निघायचंय," लेक म्हणाली. 'दूधवाला आला तर पातेलं काढायचंय' हे ज्या सुरात म्हणावे, अगदी त्याच सुरात!

ही २०२४ सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. आमचे जावई नोकरीनिमित्त जपानात, वाकायामा प्रांतातल्या काइनान या गावी राहतात. ओसाकाहून आगगाडीने दक्षिणेकडे निघाले की उजव्या हाताला समुद्र आणि डाव्या हाताला डोंगर. मी हर्णैची माहेरवाशीण. मला तर गाडीत बसल्याबसल्या माहेरी चालल्यासारखे वाटू लागले. फरक इतकाच की, डोंगरउतारावर आंब्या-काजूंऐवजी संत्र्यांची झाडे. काइनान हे लाखकामाच्या भांड्यांसाठी जुने नावाजलेले गाव. जपानात घरोघरी आढळणाऱ्या 'सुझुकी' या आडनावाचे मूळ घरही इथलेच मानतात. असे हे शांत, कामसू गाव. पण रस्त्याने चालू लागले की खांबाखांबावर एकेक आकडा दिसतो. तो कसला म्हणून विचारावे, तर ती जागा समुद्रसपाटीपासून किती मीटर उंच आहे त्याचा! लेकीच्या घरासमोरच्या खांबावरचा आकडा पाहून ह्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला. तो तीनच्याही आत होता.

जावईबापूंनी त्या रात्री जेवताना आम्हाला त्यामागचे शास्त्र समजावून सांगितले. या किनाऱ्यापुढे समुद्राच्या तळाशी एक लांबलचक घळ आहे, तिला नानकाई म्हणतात. तिथे जमिनीची एक प्रचंड फरशी दुसरीच्या खाली दरसाल काही सेंटिमीटर सरकते. वरच्या फरशीची कड तिच्यात अडकते आणि तिच्याबरोबर खाली ओढली जाते. शंभर-दीडशे वर्षे हा ताण साठतो. मग एके दिवशी ती कड सुटते, सटकन वर येते आणि सगळा समुद्र उचलते. १७०७ साली असे झाले, १८५४ साली झाले, १९४४ आणि १९४६ साली झाले. आम्ही जाण्यापूर्वी, ऑगस्ट महिन्यातच, दक्षिणेकडे एक मोठा धक्का बसला होता, आणि सरकारने या घळीबद्दल आठवडाभर सावध राहण्याची सूचना पहिल्यांदाच काढली होती. दुकानांतले पाणी आणि तांदूळ तेव्हा भराभर उठले म्हणे.

माझ्या घशाखाली घास उतरेना. हे मात्र शांतपणे आमटी भुरकत म्हणाले, "म्हणजे आता आपल्यालाही पिशवी लागणार!"

दुसऱ्याच दिवशी दोन नव्या पिशव्या आल्या, आणि त्या भरण्याचा सोहळा सुरू झाला.

आता भरण-साठवण म्हटली की आम्हा कोकणातल्या बायकांना कुणी काही शिकवायला नको. आमच्या माहेरी मृग लागायच्या आधी पावसाळ्याची बेगमी व्हायची. तांदूळ, डाळी, मीठ, चिंच, लाकूडफाटा, सुकी मासळी, पापड, सांडगे! चार महिने होडी लागली नाही, वाट बंद झाली, तरी चूल बंद पडायची नाही. म्हणून मी पदर खोचून पुढे सरसावले. मुंबईहून नेलेले मेतकूट, भाजणी, लिंबाच्या लोणच्याची बरणी, सगळे ओळीने मांडले. लेकीने एकेक जिन्नस उचलून बाजूला ठेवायला सुरुवात केली.

"आई, बरणी काचेची. फुटेल. लोणचं खारट, त्यानं तहान लागते आणि पाणी मोजकं. भाजणीला तेल आणि विस्तव हवा."

"मग खायचं काय?"

तिने एक पाकीट पुढे केले. त्यात शिजवून वाळवलेला भात होता. गरम पाणी ओतले तर पाव तासात आणि गार पाणी ओतले तर तासाभरात खाण्याजोगा होतो. मी म्हटले, "अगं, हे तर आपले पोह्यांचेच मावसभाऊ!" दुसरा एक डबा बिस्किटांचा. ती खडखडीत कोरडी. पण त्याच डब्यात खडीसाखरेचे खडे घातलेले. ते चोखले की तोंडाला पाणी सुटते आणि कोरडे बिस्कीट घशाखाली उतरते. ज्याने कुणी ही युक्ती योजली त्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

बाकीचे सामान ऐका. विजेरी आणि तिचे जादा मसाले. दांडा फिरवला की चालणारा रेडिओ. जाडे हातमोजे, कारण पडझडीत काचा आणि खिळे असतात. अंगाभोवती लपेटायला चांदीच्या वर्खासारखा चकचकीत कागद. तो घडी केली तर मुठीत मावतो आणि पांघरला तर ऊब धरतो. शौचाच्या पिशव्या आणि त्यांत टाकायची भुकटी. हसू नका, नळ बंद पडले की अन्नाआधी त्याचीच अडचण होते. वीज गेली की बँकेची कार्डे चालत नाहीत, म्हणून थोडी रोकड, आणि सार्वजनिक दूरध्वनीसाठी दहा येनांची नाणी. ह्यांच्या रक्तदाबाच्या आठवडाभराच्या गोळ्या, त्यांची नावे-प्रमाणे लिहिलेला कागद, जुना चष्मा, पासपोर्टाच्या प्रती. आम्हाला जपानी येत नाही, म्हणून गळ्यात अडकवायला एक पत्रक: नाव, वय, रक्तगट आणि लेकीचा पत्ता, सारे जपानीत. शेवटी एक शिट्टी! ढिगाऱ्याखाली सापडलेल्या माणसाचा आवाज लौकर बसतो, शिट्टी मात्र वाजवता येते. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी गळ्यात शिट्टी अडकवून मी आरशापुढे उभी राहिले, तेव्हा हे म्हणाले, "शाळेत ड्रिलच्या बाई शोभशील!"

पिशवी भरली, पाठीवर घेतली आणि मी जागच्या जागी बसले. पाणी! एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे शाळेत घोकलेले त्या दिवशी पाठीला कळले. इथला हिशेब दरडोई दररोज तीन लिटर पाण्याचा आणि निदान तीन दिवसांचा, जमल्यास आठवड्याचा. तेवढे पाठीवर कोण नेणार? म्हणून साठवण दोन प्रकारची असते. एक घरातली, शक्यतो वरच्या मजल्यावर, पाण्याच्या बाटल्या आणि डब्यांची. ती वापरायची, जुनी आधी संपवायची आणि तितकीच नवी आणून मागे ठेवायची. आपण जुने तांदूळ आधी काढतो तसेच. दुसरी ही पळण्याची पिशवी. ती ज्याला जेवढी घेऊन धावता येईल तेवढीच. माझी मग चार किलोंची झाली.

"आणि हे नीट लक्षात ठेव," लेक म्हणाली, "पिशवी हाताशी नसली तर पिशवीशिवाय पळायचं. तिच्यासाठी मागं फिरायचं नाही."

हे सारे मी हसतखेळत शिकत होते. पण एका संध्याकाळी नात शाळेतून आली. आठ वर्षांची पोर. तिच्या वर्गात खुर्चीवरची उशी हीच डोक्यावर घ्यायची जाड टोपडी असते. त्या दिवशी शाळेत टेकडीवर धावण्याचा सराव झाला होता. माझ्या मांडीत बसून, संत्रे सोलत ती म्हणाली, "आजी, धक्का बसला ना, तर मी तुझ्यासाठी थांबणार नाही हं."

माझ्या हातातली फोड हातातच राहिली.

लेकीने घाईघाईने सावरून घेतले. उत्तरेकडच्या किनाऱ्यावर एक जुना शब्द आहे, 'तेंदेन्को'. त्याचा अर्थ, ज्याने त्याने आपापले पळायचे. आई मुलासाठी, मुलगा बापासाठी थांबला आणि घरेच्या घरे बुडाली, असे तिथे पिढ्यान्‌पिढ्या घडले. त्यातून तो निघाला. २०११ सालच्या ११ मार्चला दुपारी पावणेतीनला तो भयंकर भूकंप झाला. समुद्राने अठरा हजारांहून अधिक माणसे घेतली. त्या दिवशी कामाइशी गावातल्या शाळांत हेच शिकवलेले होते. तिथल्या एका शाळेतली मोठी मुले कुणाची वाट न बघता धावत सुटली, वाटेत धाकट्या शाळेतल्या मुलांचे हात धरले आणि वर, आणखी वर गेली. गावातली जवळजवळ तीन हजार मुले वाचली.

मला सगळे पटले. पण पटणे निराळे आणि सोसणे निराळे. आमच्याकडे म्हाताऱ्यांना हाताला धरून बाहेर काढल्याशिवाय कुणी घराचा उंबरा ओलांडत नाही. रात्री मी ह्यांना म्हटले, "आपण इथं आलो, ते पोरांच्या पायांत लोढणं व्हायला." हे काही बोलले नाहीत. दिवा मात्र उशिरा विझला.

दिवाळी आली. लेकीने चार पणत्या लावल्या, मी करंज्या केल्या. भाऊबीज आली ती ३ नोव्हेंबरला, रविवारी. जपानात त्या दिवशी संस्कृतिदिनाची सुटी. जावईबापू आम्हाला गाडीने दक्षिणेला हिरोगावा नावाच्या गावी घेऊन गेले. वाटेत संत्र्यांचे मळे पिवळे झाले होते. गावात समुद्राकाठी मातीचा एक बांध आहे, पाच मीटर उंच आणि सहाशे मीटर लांब, त्यावर पाइनची झाडे. त्याची हकीकत अशी.

१८५४ साली इथे हामागुची गोर्यो नावाचा, सोया-सॉसचा व्यापार करणारा, पस्तिशीच्या आतबाहेरचा गृहस्थ होता. सांजेच्या सुमाराला मोठा धक्का बसला आणि समुद्र गावात शिरला. तोही लाटेत सापडला, कसाबसा उंचावर पोचला. अंधार पडला होता. मागे राहिलेली माणसे पाण्यात, चिखलात चाचपडत होती. वर जायची वाट त्यांना दिसत नव्हती. तेव्हा त्याने वाटेकडेच्या भातपेंढ्याच्या उडव्यांना आग लावली. त्या उजेडाच्या रोखाने लोक देवळाच्या टेकडीवर आले आणि वाचले. पुढे लाफ्काडिओ हर्न या लेखकाने १८९७ साली ही गोष्ट सजवून सांगितली. त्यात गोर्यो म्हातारा झाला आणि पेंढ्याच्या जागी कापणी केलेले पीक आले. जपानी मुलांच्या क्रमिक पुस्तकात तीच गोष्ट होती. संयुक्त राष्ट्रांनी ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृतिदिन ठरवला, तोही या घटनेच्या जुन्या पंचांगातल्या तिथीवरून.

पण मला त्याहून मोठी वाटली ती पुढची गोष्ट. घरे गेली, होड्या गेल्या, लोक गाव सोडून निघाले. तेव्हा गोर्योने स्वतःच्या पैशाने हा बांध घालायला काढला आणि गावकऱ्यांनाच मजुरीला लावले. जवळजवळ चार वर्षे काम चालले. लोकांना रोजी मिळाली, गाव राहिले. १९४६ साली समुद्र पुन्हा आला, तेव्हा या बांधामागचा गावाचा बराचसा भाग सुखरूप राहिला.

नात बांधावर धावत सुटली होती. मी पाइनच्या मुळावर बसून घेतले. माझ्या मनात एकच चित्र घोळत होते: उंचावर पोचलेला तो माणूस आणि खालच्या अंधारात धडपडणारी माणसे. तो दारात त्यांची वाट बघत बसला असता, तर तोही गेला असता. मग त्या उडव्या कुणी पेटवल्या असत्या? नातीला हाक मारून मी विचारले, "तू वर पोचलीस की काय करशील?"

"शिट्टी वाजवीन," ती म्हणाली. "म्हणजे तुला कळेल कुठे यायचं ते."

परत आल्यावर मी रोज पहाटे टेकडीचा रस्ता धरला. आधी नुसती, मग चार किलो पाठीवर घेऊन. गुडघे कुरकुरत होते. पहिल्या दिवशी वरच्या देवळापाशी पोचायला सव्वीस मिनिटे लागली. दहाव्या दिवशी एकोणीस. हे हातात घड्याळ धरून पुढे उभे असत आणि 'शाबास' म्हणायच्या ऐवजी पुढचे मिनिट मोजत. आमचे दोघांचेही ठरले होते की, धक्का थांबला की कुणी कुणाला शोधायचे नाही, मोटारीच्या नादी लागायचे नाही, सरळ देवळाशी भेटायचे. आणि पहिल्या लाटेनंतर खाली उतरायचे नाही, कारण पुढची लाट मोठी असू शकते.

इकडे दूरध्वनीवर १७१ हा एक क्रमांक आहे. आपत्तीत तारा कोंदल्या की त्यावर तीस सेकंदांचा निरोप ठेवता येतो. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला लोकांना सराव करू देतात. १५ नोव्हेंबरला नातीने निरोप ठेवला आणि आम्ही दुसऱ्या खोलीतून तो ऐकला. "आजी, आजोबा, मी पोचले. मी वरच आहे. तुम्ही या."

आम्ही दादरला परतलो त्याला आता वर्ष होत आले. तुम्ही म्हणाल, मुंबईत कसली त्सुनामी? १९४५ सालच्या नोव्हेंबरात मकरानच्या किनाऱ्यावर भूकंप झाला, तेव्हा त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या आणि इथेही माणसे दगावली होती. २००४ साली तमिळनाडूत आणि अंदमानात काय झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले. आता हैदराबादेत इशारा देणारे केंद्र आहे; इशारा देणे त्यांच्या हाती, पाय उचलणे आपल्या. शिवाय आमच्या गल्लीत २६ जुलैला पाणी शिरायला समुद्र लागला नव्हता.

म्हणून आमच्याही दाराशी आता दोन पिशव्या असतात. परवा दिवाळीच्या साफसफाईत मी त्या उघडल्या, गोळ्या बदलल्या, विजेरीचे मसाले बदलले, जुनी बिस्किटे काढून मुलांना वाटली. खडीसाखर मात्र ह्यांनी आधीच संपवली होती. ती पुन्हा भरली आहे.