रेल्वेचा इतिहास आणि वाक्यातील कर्ता

साहित्याच्या अभ्यासकाने व्हिक्टोरियाकालीन रेल्वेच्या इतिहासात शिरण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न मला वारंवार विचारला गेला आहे. मनोरसारख्या गावी राहून हा अभ्यास करताना त्याचे जे उत्तर मला सापडत गेले, ते येथे मांडावयाचे आहे.

मनोरला रेल्वे नाही. लोहमार्ग पश्चिमेकडे, पालघर-बोईसरवरून जातो. मनोरच्या वाट्याला पुढे महामार्ग आला. हा लोहमार्ग १८५५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया कंपनीचा. १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी मुंबईहून निघाली; उत्तर कोकणात मात्र रेल्वे गुजरातेकडून उतरली. उत्राण-अंकलेश्वर हा टप्पा १८६० मध्ये सुरू झाला आणि १८६४ च्या अखेरीस, वैतरणा व वसईची खाडी ओलांडून, मार्ग ग्रँट रोडला पोहोचला.

ही माहिती ज्या अहवालांतून व गॅझेटियरांतून मिळते, त्यांची वाक्यरचना लक्षणीय आहे. भराव घातला गेला, पूल उभारण्यात आला, जमीन संपादन करण्यात आली. क्रियापदे भरपूर, कर्ता नाही. ही केवळ शैली नव्हे. निवेदक अदृश्य राहतो आणि राबणारेही अदृश्य होतात. पहिल्याचे अदृश्य असणे सत्तेचे लक्षण, दुसऱ्याचे सत्ताहीनतेचे. कर्मणी प्रयोगाच्या एकाच छत्राखाली हे दोघे शेजारी उभे असतात.

हे मला अहवालांच्या वाचनातच उमगले, असे नाही. फावल्या वेळच्या छंदांनी ते दाखविले. टपाल तिकिटे जमविण्याची मला जुनी आवड आहे. रेल्वेच्या शताब्दीनिमित्त १९५३ साली निघालेल्या दोन आण्यांच्या तिकिटाचा विषय म्हणजे १८५३ ची आणि १९५३ ची इंजिने. स्वतंत्र भारतानेही शतकाची गोष्ट यंत्राकडूनच वदवून घेतली. दुसरा छंद जात्यावरच्या ओव्या वाचण्याचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने झालेल्या प्रचंड संकलनात आगगाडी येते ती नात्यांच्या संदर्भात. तेथे कोणीतरी कोणालातरी नेत असते, कोणीतरी वाट पाहत असते. वाक्यात कर्ता असतो. तरीही ओवीला अहवालाचा पर्याय मानणे मला गैर वाटते. ओवी पुरावा पुरवीत नाही. पुराव्याला कोणता प्रश्न विचारावा, हे ती शिकविते.

तो प्रश्न घेऊन पुन्हा दप्तराकडे वळले, की रुळांखालचे लाकूड दिसू लागते. मार्ग मुंबईला पोहोचला त्याच १८६४ साली सरकारी वनखाते स्थापन झाले. स्लीपरांसाठी लागणारे लाकूड हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी जंगलावरची सरकारी मालकी पक्की केली. या प्रक्रियेत एक शब्द बदलला : जंगलात राहणाऱ्यांचा जो ‘हक्क’ होता, त्याची पुष्कळ ठिकाणी ‘सवलत’ झाली. हक्काला धारक असतो. सवलतीला दाता असतो. म्हणजे वाक्यातला कर्ताच बदलला. ज्या वारली व कातकरी वस्त्या मनोरच्या पूर्वेला आजही आहेत, त्यांच्या दृष्टीने रेल्वेचा इतिहास स्थानकात सुरू होत नाही. तो या शब्दबदलात सुरू होतो.

मराठी समीक्षेने ‘आगगाडी’कडे आधुनिकतेची प्रतिमा म्हणून पाहिले, ते योग्यच आहे. परंतु प्रतिमेचा विचार बहुधा डब्यात बसलेल्या प्रवाशाच्या नजरेने होतो. ‘फलाट’ हा शब्द घ्या. ‘प्लॅटफॉर्म’चे हे रूप कोणत्याही परिभाषा-समितीने घडविलेले नाही, ते बोलणाऱ्यांच्या जिभेवर घडले. दप्तराने ज्यांची नावे ठेवली नाहीत, त्यांनी भाषेत एवढी खूण ठेवली आहे.

या खुणेवरून त्यांची चरित्रे रचण्याचा मोह टाळला पाहिजे. रिकामी जागा कल्पनेने भरणे हे कादंबरीकाराचे काम. समीक्षकाचे काम ती जागा रिकामी आहे हे दाखविण्याचे आणि ती कोणत्या व्याकरणाने रिकामी केली, हे सांगण्याचे. आज पालघर जिल्ह्यात पुन्हा नव्या लोहमार्गांसाठी भूसंपादन चालू आहे, आणि त्याच्या सूचना वाचताना क्रियापदांकडे लक्ष जाते. ती अजूनही कर्मणीच आहेत.