आयोवा सिटी: बाराव्या मजल्याकडे हात हलवणारं गाव

अमेरिकेला जायचं म्हटलं की आपली यादी ठरलेली असते. न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन आणि सुट्टी उरलीच तर ग्रँड कॅन्यन. पण तुमचा मुलगा किंवा लेक शिकागोच्या आसपास राहत असेल, तर एक शनिवार माझ्यासाठी राखून ठेवा. तोही सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळातला.

शिकागोहून इंटरस्टेट ८० या महामार्गाने पश्चिमेला निघालात की साधारण साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. लांबच लांब सपाट शेतं, मध्येच धान्याची उंच कोठारं. असं वाटतं की पुढे काहीच नसणार. आणि मग आयोवा नदीच्या काठावर एक टुमदार गाव लागतं, आयोवा सिटी. वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. आता गंमत ऐका. या गावातल्या विद्यापीठाच्या मैदानात ६९ हजारांहून जास्त माणसं बसतात! सामन्याच्या शनिवारी गावात काय होत असेल, याचा अंदाज यावरूनच करा.

आधी खेळ थोडा समजून घेऊ

हे फुटबॉल म्हणजे आपलं मोहन बागान-ईस्ट बंगालवालं फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, डोक्याला हेल्मेट, खांद्यावर जाड पॅड. नियम खूप आहेत, पण एक कळला तरी सामना बघता येतो. चेंडू ज्याच्याकडे, त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. तीन संधींत जमलं नाही, तर चौथ्या वेळी बहुतेक संघ शहाणपणा करतात आणि चेंडू लाथेने लांब उडवून देतात. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला निदान लांबून सुरुवात करावी लागते. या उडवण्याला ‘पंट’ म्हणतात आणि ते काम करणाऱ्याला ‘पंटर’. आपल्याकडे पंटर म्हटलं की वेगळंच चित्र डोळ्यांपुढे येतं, पण ते इथे विसरा.

अमेरिकेत विद्यापीठांचे गट असतात, त्यांना ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. आयोवाचा गट ‘बिग टेन’. १८९६ साली स्थापन झालेला. नावात दहा असले तरी २०२३ च्या मोसमात त्यात चौदा विद्यापीठं होती, आणि पुढच्याच वर्षी अठरा झाली. नाव मात्र तेच राहिलं.

साखळी सामने संपले की नोव्हेंबरच्या शेवटी या गटाची मानाची यादी जाहीर होते, ‘ऑल-कॉन्फरन्स’. सगळ्या विद्यापीठांमधून प्रत्येक जागेसाठी सर्वोत्तम खेळाडू निवडायचा. प्रशिक्षक मत देतात, खेळाचे पत्रकारही वेगळं मत देतात. पहिला संघ, दुसरा संघ, तिसरा संघ आणि त्याखाली उल्लेखनीय नावं. हा संघ मैदानात कधीच उतरत नाही, तो फक्त कागदावर असतो. पण एकोणीस-वीस वर्षांच्या पोरासाठी त्या कागदावर नाव येणं म्हणजे आयुष्यभराची कमाई. शिवाय ‘वर्षातला सर्वोत्तम बचावपटू’, ‘वर्षातला सर्वोत्तम पंटर’ असे जुन्या दिग्गजांच्या नावांचे वेगळे पुरस्कारही असतात.

आयोवा सिटीची खरी ओळख करून घ्यायची तर २०२३ ची यादी पाहायला हवी.

हरता हरता जिंकणारा संघ

त्या वर्षी आयोवाचा संघ विचित्रच होता. चेंडू पुढे नेण्यात हा संघ देशातल्या वरच्या श्रेणीच्या सगळ्या संघांत तळाला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर फलंदाजी रोजच कोसळायची. पण गोलंदाजी अशी की सव्वाशे धावा करूनही सामना खिशात! नॉर्थवेस्टर्नला १०-७ असं हरवलं, इलिनॉयला १५-१३ असं. हसता हसता लोकांनी टीशर्ट काढले, त्यावर लिहिलेलं: ‘पंटिंग इज विनिंग’.

त्या टीशर्टमागचा माणूस टोरी टेलर. हा अमेरिकन नव्हेच, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचा. तिथल्या ऑस्ट्रेलियन रूल्स खेळात लाथेने चेंडू मारण्याची सवय झालेली. तो २०२० साली आयोवात आला, तेव्हा कोरोनामुळे स्टेडियम प्रेक्षकांविना होतं. त्याच पहिल्या वर्षी त्याला बिग टेनचा सर्वोत्तम पंटर म्हणून निवडलं गेलं. २०२३ मध्ये त्याने ९३ वेळा चेंडू उडवला आणि एकूण ४,४७९ यार्ड अंतर गाठलं. म्हणजे चार किलोमीटरहून जास्त! एका मोसमातला हा राष्ट्रीय विक्रम ठरला. आधीचा विक्रम १९३८ सालचा होता.

आता विचार करा, पंटर कधी खेळतो? आपल्या संघाचं काही जमत नाही तेव्हा. घरात सगळं सुरळीत असलं की ज्याची आठवण होत नाही आणि अडलं की ज्याला हाक मारतात, असा एखादा काका प्रत्येक कुटुंबात असतो ना, तसाच हा. त्या वर्षी टोरी पुन्हा बिग टेनचा सर्वोत्तम पंटर ठरला आणि देशातल्या सर्वोत्तम पंटरचा रे गाय पुरस्कारही त्यालाच मिळाला. खेळाडूंना जाहिरातीतून पैसे कमावण्याची मुभा तेव्हा मिळाली होती, पण टोरी विद्यार्थी व्हिसावर होता, त्यामुळे सोबत्यांसारखी ती वाट त्याला मोकळी नव्हती. परदेशात शिकणारी मुलं ज्यांच्या घरी आहेत, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

दुसरं नाव कूपर डीजीन. हा अगदी घरचा, आयोवातल्याच ओडीबोल्ट नावाच्या छोट्याशा गावचा. बचावात उभा राहायचा आणि प्रतिस्पर्ध्याने उडवलेला चेंडू झेलून उलटा पळायचा.

२१ ऑक्टोबरचा सामना. समोर शेजारच्या राज्यातला मिनेसोटा. या दोन संघांच्या सामन्याचं बक्षीस काय, तर ब्राँझचं डुक्कर! १९३५ साली दोन राज्यांच्या गव्हर्नरांनी लावलेल्या पैजेतून ही प्रथा सुरू झाली. मिनेसोटा १२-१० असा पुढे होता आणि शेवटची दीड मिनिटं उरली होती. कूपरने सीमारेषेजवळ उसळणारा चेंडू उचलला आणि ५४ यार्ड पळत थेट टचडाउन केला. स्टेडियम वेडं झालं.

मग पंचांनी व्हिडिओ पाहिला. चेंडू झेलणाऱ्याने हात डोक्यावर करून हलवला, तर ‘मी पळणार नाही, मला पाडू नका’ असा त्याचा अर्थ होतो. आणि नीट इशारा न करता नुसता हात हलवला, तरी पुढे पळता येत नाही. कूपरचा डावा हात चेंडूकडे जाताना हलला होता. टचडाउन रद्द. आयोवा हरला. १९९९ नंतर मिनेसोटाने पहिल्यांदाच आयोवा सिटीत येऊन सामना जिंकला. तो हात इशाऱ्याचा होता की तोल सावरण्याचा, हा वाद आयोवाच्या चहाच्या, म्हणजे कॉफीच्या टेबलांवर अजून संपलेला नाही.

पुढच्या महिन्यात सरावात कूपरचा पाय मोडला. मोसम संपला. आणि दोन आठवड्यांत यादी आली: बिग टेनचा सर्वोत्तम ‘डिफेन्सिव्ह बॅक’ कूपर डीजीन आणि चेंडू परतवणारा सर्वोत्तम खेळाडूही कूपर डीजीनच. ज्या कामातली त्याची सर्वांत मोठी धाव पुसली गेली होती, त्याच कामाचा मान त्याला मिळाला. मत देणाऱ्यांनी एका निर्णयापलीकडे पाहिलं होतं. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये याच मुलाने फिलाडेल्फिया ईगल्सकडून सुपर बोल खेळताना प्रतिस्पर्ध्याचा पास पळवून टचडाउन केला. त्या दिवशी त्याचा बाविसावा वाढदिवस होता.

पण यादीत सगळेच मावत नाहीत. साखळीतला शेवटचा सामना नेब्रास्काशी होता, १०-१० अशी बरोबरी. नेहमीच्या किकरचे दोन प्रयत्न अडवले गेलेले. शेवटच्या क्षणी मार्शल मीडर नावाच्या मुलाला बोलावलं. आयोवासाठी गोलवर मारण्याचा त्याचा हा पहिलाच प्रयत्न. ३८ यार्डांवरून त्याने चेंडू दोन खांबांमधून पार केला, १३-१० असा विजय! पुरस्कारांच्या यादीत मीडर शोधाल तर सापडणार नाही. पण आयोवातल्या कुणालाही विचारा, तो क्षण ते तुम्हाला हातवारे करून सांगतील.

शेवट मात्र गोड नव्हता. गटाच्या अंतिम सामन्यात मिशिगनने २६-० आणि नववर्षाच्या दिवशी टेनेसीने ३५-० असं हरवलं. टोरीचा तो विक्रम याच शेवटच्या पराभवात पूर्ण झाला.

पुतळ्यापाशी थांबा

स्टेडियममध्ये शिरण्याआधी बाहेरच्या पुतळ्यापाशी थांबा. हा नाइल किनिक. १९३९ साली देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइजमन ट्रॉफी त्याने जिंकली. आयोवाच्या कुणालाही त्याआधी किंवा त्यानंतर ती मिळालेली नाही. मग युद्ध आलं. जून १९४३ मध्ये नौदलाच्या सराव उड्डाणात विमानाचं तेल गळू लागलं, त्याला ते समुद्रात उतरवावं लागलं. तो सापडला नाही. वय पंचवीसही पूर्ण नव्हतं.

स्टेडियमला त्याचं नाव द्यावं, असं युद्धानंतर सुचवलं गेलं होतं. त्याच्या वडिलांना ते पटलं नाही. युद्धात इतक्यांची मुलं गेली, त्यांतून माझ्या एकट्याच्या मुलाला वेगळं कशाला काढायचं, असं त्यांचं म्हणणं. अखेर १९७२ मध्ये हे ‘किनिक स्टेडियम’ झालं. पुतळ्याच्या पायाशी हेल्मेट आहे. मैदानात जाताना खेळाडू त्याला हात लावतात, आपण देवळाच्या पायरीला लावतो तसा.

खेळाडूंच्या हेल्मेटवर एक गोल स्टिकरही दिसेल, ‘एएनएफ’. अर्थ, ‘अमेरिकेला शेतकरी हवेत’. १९८५ साली कर्जाने शेती बुडत असताना तेव्हाचे प्रशिक्षक हेडन फ्राय यांनी तो लावायला सुरुवात केली. हे वाचताना विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना काय वाटेल, ते मी वेगळं सांगायला नको.

सकाळ मोकळी असेल तर

सामना दुपारी असेल, तर सकाळी नदीपलीकडे जुन्या गावात फिरा. सोनेरी घुमटाची ‘ओल्ड कॅपिटॉल’ इमारत बघा. १८५७ मध्ये राजधानी डी मॉइनला गेली, त्याआधी राज्याचा कारभार इथून चालायचा. आयोवा अव्हेन्यूवर चालताना पायाखाली लेखकांची वचनं कोरलेले ब्राँझचे फलक दिसतील. युनेस्कोने २००८ मध्ये या गावाला ‘साहित्याचं शहर’ म्हटलं आहे. आणि आपलाही इथे एक धागा आहे. इथल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात सत्तरच्या दशकात कवी दिलीप चित्रे येऊन राहिले होते. तुकोबांना इंग्रजीत नेणारे चित्रे याच रस्त्यांवरून चालले असतील, हे आठवलं की परकं गाव जरा ओळखीचं वाटू लागतं.

जाण्याआधी दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. जवळचा विमानतळ सीडर रॅपिड्सचा. सामन्याच्या दिवसांत हॉटेलं खूप आधी भरतात. स्टेडियममध्ये फक्त पारदर्शक पिशवी नेऊ देतात, तेव्हा डब्याची कापडी पिशवी गाडीतच ठेवा. नोव्हेंबरात थंडी हाडात शिरते, लोकरीची टोपी विसरू नका. आणि काळा-पिवळा रंग घाला, लोक आपणहून बोलायला येतील.

आणि मग तो एक मिनिट

सामन्याचा पहिला चतुर्थांश संपला की चेंडू थांबतो. तेव्हा फोन खाली ठेवा आणि स्टेडियमच्या पलीकडे बघा. तिथे विद्यापीठाचं मुलांचं रुग्णालय आहे. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खिडक्यांतून मैदान दिसतं. २०१७ मध्ये ही इमारत सुरू झाली आणि एका चाहतीने सुचवलं की आपण सगळे मिळून त्या मुलांना हात दाखवूया. तेव्हापासून प्रत्येक सामन्यात सगळं स्टेडियम उभं राहून त्या खिडक्यांकडे हात हलवतं. खेळाडू हलवतात, प्रशिक्षक हलवतात, पंच आणि समोरचा संघसुद्धा. वर सलाइन लावलेली मुलं, त्यांचे आईबाप, नर्स तिथून परत हात हलवतात.

ज्याच्या घरातलं मूल कधी दवाखान्यात राहिलं आहे, त्याला खिडकीत बसून काढलेले ते दिवस माहीत आहेत. बाहेर सगळं जग आपापल्या कामाला चाललेलं असतं आणि आपण तेवढे थांबलेले असतो. इथे निदान एक मिनिट ६९ हजार माणसं आपलं काम सोडून त्या खिडकीसाठी थांबतात. यादी नाही, मतदान नाही, पहिला संघ नाही की तिसरा नाही.

तुम्ही गेलात तर लाजू नका. दोन्ही हात वर करा आणि जोरात हलवा. इथे कुठला पंच ते रद्द करणार नाही.