चाळीस चिठ्ठ्या

काल रात्रीपासून डोळ्याला डोळा लागला नाही! आमच्या लोणी देवकरला नंदीबैल येतो. 'गुबूगुबू' ऐकू आलं की पोरं धावतात, आजी सुपात ज्वारी घेऊन दारात. पाऊस पडंल का? बैल मान हलवतो. पोरीचं लग्न जमंल का? पुन्हा हलवतो. इतकी वर्षं बघतेय, पण खरं किती आणि खोटं किती हे मोजावं, असं कधी डोक्यातच आलं नाही. आणि ज्योतिषाचं कुणीतरी मोजलं होतं! तेही पुण्यात, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी!

२००८ साल. सोबत पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि एके काळी स्वतः पत्रिका बघणारे प्रकाश घाटपांडे. १०० हुशार मुलं, १०० मतिमंद मुलं. सगळ्यांच्या पत्रिका मांडून सरमिसळ केल्या. एकेका ज्योतिषाला ४० पत्रिका. लग्न नको, परदेशयोग नको. फक्त हुशार कोण, मतिमंद कोण, एवढंच सांगा! ५१ जण तयार झाले, उत्तरं आली २७ जणांची. (बाकीच्या २४ जणांना बहुधा पुढचं दिसलं असावं.) बरोबर किती? सरासरी ४६ टक्के! एका संस्थेनं अख्ख्या २०० पत्रिका तपासल्या, तिच्या १०२ बरोबर. २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये हे छापून आलंय आणि मला आत्ता कळतंय!

म्हणजे छापा-काटाच की! मला राहवेना. चुलतभावाकडून वहीच्या कागदाच्या ४० चिठ्ठ्या करून घेतल्या, निम्म्यांवर 'हु', निम्म्यांवर 'म'. ओट्यावर बसून दोन रुपयांचं नाणं उडवलं. छापा, म्हणजे हुशार. चिठ्ठी उघडली, 'म'. चूक! सातव्या खेपेला नाणं गोठ्यात शेणात पडलं, धुऊन आणलं. शेवटी १९ बरोबर. साडेसत्तेचाळीस टक्के! माझं शेणातलं नाणं ज्योतिषांच्या पुढं!

आजी इतका वेळ माझी पत्रिका मांडीवर घेऊन बसलेली. हळदीची बोटं उमटलेला, घडीवर विरलेला कागद. यातल्या मंगळापायी दोन स्थळं परत गेलीत.

"आण गं ते नाणं इकडं," ती म्हणाली.

चिठ्ठ्या पुन्हा घड्या घालून ठेवल्या. आजी थेट २२ वर गेली. आता नाणं कनवटीला लावून बसलीय. म्हणते, गुरुजींकडं कशाला, मलाच विचारा, एका पत्रिकेला पसाभर ज्वारी.